शेवटच्या सोळा पानांचा रसिक

४ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ७
आज भर सभेत माझा खून झाला. रक्त निघालं नाही, एवढंच.

वाचक मंडळात माझं भाषण होतं. विषय: आमचा लेखक. अमेरिकेतला, हयात, पाच कादंबऱ्या, पाचही एकाच बॉक्सरवर. वाचता वाचता माणसाच्या मुठी आपोआप वळतात. मी पहिल्या भागावर चाळीस मिनिटं बोललो. हिंसेमागची करुणा वगैरे सगळं आणलं. टाळ्या पडायच्या बेतात होत्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून दादा आवाज न चढवता म्हणाला, की हे सगळं मागच्या कव्हरवर छापलेलंच आहे, आत काय आहे तेही सांग.

चौदा माणसं हसली. ग्रंथपाल बाईसुद्धा. त्या वर्षातून एकदा हसतात, ते आजच उरकलं.

सख्खा थोरला भाऊ. वाचनालयाच्या बांधणीखात्यात एकाच टेबलाच्या दोन टोकांना आम्ही बावीस वर्षं बसतो. तो पुस्तकं शिवतो. मी कडा कापतो आणि पुठ्ठे चढवतो.

संकल्प: एक, दादाशी बोलणं बंद. दोन, पाचही भाग अथपासून इतिपर्यंत वाचणं. तीन, दादाला मारणं. क्रम सोयीप्रमाणे.

बायकोला तिसरा संकल्प सांगितला. ती म्हणाली, मारायचं तर जेवून मार, भाजी निवतेय.

५ फेब्रुवारी. सकाळी ६.३०
जोर काढायला सुरुवात. ठरवले शंभर. झाले अकरा. अकरावा अर्धा होता, पण मनातून पूर्ण होता.

१९ फेब्रुवारी
बांधणीखात्यात कात्रणांचं पोतं छताच्या हुकाला टांगलं. बॉक्सर असंच करतो. पहिल्या ठोशाला मनगट मुरगळलं. दुसऱ्याला हूक निघाला आणि पोतं माझ्यावर. मी खाली, वर चाळीस किलो कागदाच्या पट्ट्या. दादानं उठून पोतं बाजूला केलं आणि परत जाऊन शिवायला बसला.  माझा अबोला मोडायचा त्याचा डाव होता. मी थँक्यू म्हटलं नाही.

११ मार्च
आमच्या लेखकाचे पाचही भाग बांधणीला आले. मंडळाच्या लोकांनी हाताळून हाताळून कणे मोडलेत. प्रत्येकाची एकच प्रत. दुसरा आणि तिसरा भाग अगदी सारखे: तीनशे चार पानं, एकोणीस फर्मे. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. सगळ्या घड्या उसवून काढायच्या, डागडुजी करायची, क्रमानं रचायच्या, मग शिवायच्या.

शिवायच्या आधी आमची एक रीत आहे. दादा म्हणणार, दुसरा भाग, सात. मी घडी बघून म्हणणार, आहे. दादा म्हणणार, आठ. मी म्हणणार, आहे. शेजारच्या खोलीतले लोक म्हणतात, यांचे पाढे सुरू झाले.

आज अर्थातच पाढे नाहीत. गठ्ठे मीच रचले आणि त्याच्याकडे सरकवले. त्यानं एकदा माझ्याकडे बघून तोंड उघडलं. मी कटिंग मशीन चालू केलं. मग तो मुकाट शिवायला लागला.

अडीच तासांचं काम दीड तासात झालं. अबोल्याचे फायदे लोकांनी नीट अभ्यासलेले नाहीत.

२ एप्रिल
दुसरा भाग आज माझ्याकडे. मंडळाचा नियम: प्रत्येकी तीन दिवस, मग पुढच्याला. तिसरा भाग दादानं नेलाय आणि दाबून बसलाय. काय एवढं वाचतो कोण जाणे.

प्रगती: पान ३१.

४ एप्रिल. दुपारी
प्रगती: पान ३१. पण मंडळाचे अध्यक्ष (रिटायर्ड हेडमास्तर, चालताना काठी, बोलतानाही काठी) म्हणतात, की लेखकाची ताकद शेवटावरून कळते. म्हणून सरळ शेवटची सोळा पानं उघडली.

अंगावर काटा आला. बॉक्सर घरात एकटा आहे. बेल वाजते. तो दार उघडतो तर समोर थोरला भाऊ. थोरला चौकटीवर उजवा हात ठेवून उभा आहे. बॉक्सर त्याच्या बोटांकडे बघतो. मग खांदा लावून सगळ्या ताकदीनिशी दार लोटतो. शेवटचं वाक्य बोटांच्या आवाजाबद्दल आहे.

तीनदा वाचलं. हा माणूस मला ओळखतो. एवढ्या लांबून कसं ओळखतो, तीच तर कला.

मधली पानं आता वाचायची गरज वाटत नाही. मधे काय होत असणार ते शेवटावरून कळतंच.

२१ एप्रिल, रविवार. संध्याकाळी
मीटिंग. विषय: दुसऱ्या भागाचा शेवट. सगळे भारावलेले. अध्यक्ष म्हणाले, की दुसऱ्या भागाची तीनशे चार पानं त्या एका दाराकडेच चाललेली असतात. त्यांनी टाचणं काढली होती. दादा आला नव्हता. त्याला तोंड दाखवायला जागा आहे कुठे?

सगळं छान चाललं होतं. पण दंतवैद्य म्हणाले, की दार लोटण्याऐवजी नुसतं बंद केलं असतं तर ते जास्त सूचक झालं असतं. मी म्हटलं, तुम्हाला हिंसेतली करुणा कळत नाही. ते म्हणाले, तुम्हाला मागचं कव्हर कळतं.

मग मी त्यांना मारलं. बॉक्सर मारतो तसा, खालून वर, हनुवटीवर. ठोसा त्यांच्या चष्म्याच्या काडीला लागला. त्यांनी शांतपणे चष्मा काढून ग्रंथपाल बाईंच्या हातात दिला आणि मला मारलं. दाताच्या डॉक्टरला कुठे मारायचं ते शिकवावं लागत नाही. पुढचा वरचा दात हलला आणि रक्त थेट शर्टावर. अध्यक्षांनी दोघांना सोडवण्यासाठी काठी उगारली. ती तिसऱ्याच सभासदाच्या कानशिलावर बसली. त्यानं त्यांना खुर्ची मारली. खुर्ची फोल्डिंगची होती. ती मिटली आणि त्याचंच बोट अडकलं. बोट अडकल्यावर तो ज्या आवाजात ओरडला, त्यावरून मला शेवटच्या वाक्याचा खरा अर्थ कळला.

मंडळाच्या इतिहासातली सर्वात जिवंत चर्चा.

२२ एप्रिल
दात बसवायला दंतवैद्यांकडेच गेलो. गावात दुसरा चांगला नाही. माझ्या तोंडात दोन्ही हात असताना त्यांनी आपला पॉइंट पुन्हा पाऊण तास समजावून सांगितला.  याला वादविवाद म्हणत नाहीत.

१२ मे
मंडळानं ठरवलं, की लेखकाला कौतुकाचं पत्र लिहायचं. मसुदा माझ्याकडे. कारण मी या शेवटासाठी रक्त सांडलंय. पत्रात दाराच्या प्रसंगावर दोन पानं लिहिली. बाकीच्या कादंबरीवर एक वाक्य: बाकीची कादंबरीही उत्तम.

बायको म्हणाली, भावाला पत्र लिहायचं सोडून कुठे सातासमुद्रापार लिहितोस. तिला साहित्य समजत नाही.

जोर: चौदा.

२६ मे, रविवार. दुपारी १२.१५
झालं. वरची तारीख दोनदा चुकली. आनंदानं असावं.

अकराला बेल वाजली. पत्र समोर होतं, उद्या सकाळी ईमेलनं जाणार. उठून दार उघडलं. समोर दादा. उजवा हात चौकटीवर.

शप्पथ सांगतो, अगदी पुस्तकातल्यासारखा. मी काहीच जमवून आणलं नव्हतं. तो 'ऐक' म्हणाला. चार महिन्यांतला पहिला शब्द. मी त्याच्या बोटांकडे बघितलं. मग खांदा लावला.

पुठ्ठा मोडताना होतो तसा आवाज झाला. दादा ओरडला नाही. दार परत उघडलं तेव्हा तो पायरीवर बसला होता. डाव्या हातानं उजवा हात मांडीवर धरलेला. रक्त पायरीवरून खालच्या पायरीवर. चौकटीवर एक नख होतं.

बायको स्वयंपाकघरातून आली. तिनं हातातला तवा माझ्या पाठीत घातला. मग दादाला शेजाऱ्यांच्या गाडीतून घेऊन गेली.

मी जिंकलो, ही गोष्ट नोंदवून ठेवतो. पाठ दुखतेय.

२७ मे
तीन बोटं मोडली. त्यातली दोन सांध्यात. ऑपरेशन झालं.

दाराची बिजागरी सैल आहे. मी महिन्यापूर्वीच म्हटलं होतं सुताराला बोलवा. शिवाय दार जुन्या लाकडाचं, वजनी. थोडासा धक्का दिला तरी पुढचं दारच करतं. हे बायकोला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, मी वहिनींकडे राहतेय, त्यांना मदत लागेल. कधी येणार विचारलं. तिनं फोन ठेवला.

कळलं असं, की दादानं डॉक्टरांना सांगितलं, दार वाऱ्यानं लागलं. म्हणजे त्यालाही मान्य आहे.

पत्र पाठवलं.

३ जून
बांधणीखात्यात एकटाच. दुपारचा डबा नाही. कटिंग मशीनचा आवाज एवढा मोठा असतो हे बावीस वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

९ जून, रविवार
लेखकाच्या सेक्रेटरीचं उत्तर आलं. अध्यक्षांनी मंडळासमोर मोठ्यानं वाचलं. लेखक भारावले आहेत. इतक्या लांबच्या वाचकांनी एवढं मनापासून लिहिलं म्हणून ऋणी आहेत. त्यांना एकच नम्र शंका आहे. दुसऱ्या भागात पान १९० वर ते घर जळतं. दारासकट. शेवटच्या पानांत दोघे भाऊ त्या राखेत शेजारी शेजारी बसतात. दाराचा प्रसंग तिसऱ्या भागातला आहे, नव्या घरातला. तर वाचकांनी कोणती आवृत्ती वाचली, हे कळवलं तर बरं होईल.

अध्यक्षांनी दुसरा भाग उघडला. पान १९०. घर जळत होतं. अकरा पानं जळत होतं. सगळ्यांनी माना खाली घालून ऐकलं.

मग अध्यक्षांनी विचारलं, की पान १९० कोणी वाचलं नव्हतं? एकही हात वर झाला नाही. पान १९० कोणी वाचलं होतं? तरीही एकही हात वर झाला नाही.

दंतवैद्य म्हणाले, की साहेब, तुमची तीनशे चार पानं दाराकडे चालली होती ना, ती जळालेल्या दाराकडे कशी चालली होती? अध्यक्षांनी काठी मारली. दंतवैद्यांनी काठी पकडून गुडघ्यावर मोडली. मग जो तो ज्याच्या त्याच्या अंगावर गेला. कपाट पडलं. कोणाचा तरी ओठ फाटला. ग्रंथपाल बाईंनी नोंदवही दोन्ही हातांनी धरून समोर येईल त्याच्या डोक्यात घालायला सुरुवात केली. ती नोंदवही मीच बांधलेली. पुठ्ठा डबल.

मी कोणालाही मारलं नाही. मला चार जणांनी मारलं. मसुदा माझा होता म्हणून.

१० जून
डावा डोळा उघडत नाही. उजव्या डोळ्यानं दुसरा भाग तपासला. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाला बारीक आकडे असतात: कितवा भाग, कितवा फर्मा. अठरापर्यंत बरोबर. शेवटच्यावर लिहिलंय: तीन, एकोणीस.

तिसऱ्याचा शेवट दुसऱ्याला लागलाय. म्हणजे दुसऱ्याचा तिसऱ्याला लागला असणार.

दादाची चूक. शिवतो तो.

रचले मी होते, ही गोष्ट खरी. पण शिवणाऱ्यानं विचारायला हवं होतं. विचारायला त्यानं तोंड उघडलं होतं, हीही खरी. मशीन कोणी चालू केलं, हा प्रश्न इथे गौण आहे.

१२ जून. दुपारी २
वहिनी आली. दादाचा चष्मा टेबलाच्या खणात राहिलाय, तो न्यायला. बोलायला आली नव्हती, पण बोलली.

दादाला सगळं आधीच कळलं होतं. त्यानं तिसरा भाग पूर्ण वाचला, तर शेवटी राख. ही राख इथे कुठून आली म्हणून पान पान तपासलं आणि आकडे बघितले. त्या रविवारी तो मला तेच सांगायला आला होता. पत्र पाठवू नकोस म्हणायला. सोमवारी वाचनालय उघडायच्या आत दोघांनी बसून दोन्ही पुस्तकं उसवायची आणि परत शिवायची. तासाभराचं काम. गठ्ठे कोणी रचले होते, हे कोणाला कळलंही नसतं. मला वाईट वाटू नये म्हणून कसं बोलायचं, याची त्यानं तिच्यासमोर चार वेळा तालीम केली होती. चौथ्यांदा 'ऐक'पासून सुरुवात करायची असं ठरलं.

हे सांगून वहिनीनं चष्म्याच्या डबीनं माझ्या तोंडावर मारलं. दोनदा. मी हात मधे घातला नाही. ती गेल्यावर कात्रणांत बसून रडलो. फार वेळ रडलो.

१४ जून
दुसरा भाग वाचून संपवला. पान ३१ च्या पुढे पुस्तक चांगलं आहे.

आग बॉक्सरनंच लावलेली असते. पोलीस आल्यावर थोरला सांगतो, की चुलीतली ठिणगी उडाली. बॉक्सर बाजूला उभा राहून मान हलवतो. इथे मला पुस्तक मिटावं लागलं.

२० जून
डॉक्टरांनी सांगितलं, दोन बोटं आता वाकणार नाहीत. उजव्या हाताची. सुई धरता येणार नाही. बायकोनं फोनवर सांगितलं. मी काय बोलावं याची वाट न बघता तिनं फोन ठेवला. बरं केलं.

संकल्प, एकच: रविवारी वार्षिक रसास्वाद सभा आहे. मुख्य भाषण अजून माझ्याच नावावर आहे, कारण दुसरा कोणी उभा राहायला तयार नाही. तिथे सगळ्यांसमोर खरं सांगायचं. पहिली चूक माझी. दाराची गोष्टही माझी. वारा नव्हता. आरशासमोर रिहर्सल केली. आठ वेळा. आठही वेळा सांगू शकलो.

२३ जून, रविवार. संध्याकाळी ७.३०
सभा झाली. वाचक बरेच आले होते. अध्यक्षांकडे नवी काठी. दंतवैद्य त्यांच्या शेजारी, दोघांचं जमलेलं दिसतंय. बायको आणि वहिनी शेवटच्या रांगेत. दादा पहिल्या रांगेत. हात गळ्यातल्या पट्ट्यात, बोटं प्लॅस्टरमध्ये.

मी उभा राहिलो. तोंड उघडलं. म्हणालो, की छापखान्याची चूक होती. तिकडूनच फर्मे उलटसुलट आले. अशा गोष्टी होतात. कोणाचा दोष नाही.

दादाकडे बघितलं. वाटलं, आता तो मागच्यासारखं काहीतरी म्हणेल, आणि सगळे हसतील. तो माझ्याकडे बघत बसला होता. मान हलवली नाही, तोंड उघडलं नाही. मी थांबलो. पुरेसा थांबलो. 

मग चाळीस मिनिटं बोललो. या खेपेला मधल्या पानांवर बोललो. आग, ठिणगी, थोरला पोलिसांना काय सांगतो ते. सगळं वाचलेलं होतं. चांगलं बोललो असणार, कारण खूप टाळ्या पडल्या. कोणी हसलं नाही. फेब्रुवारीपासून मला हेच हवं होतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटलेली नाही.

लोक पांगले. दादा बाहेर बाकावर बसून बूट घालत होता. एका हातानं नाडी बांधता येईना. डाव्या हातानं दोन टोकं एकत्र धरायचा, ती सुटायची, परत धरायचा. वहिनी आत बायकोशी बोलत होती. मी जाऊन त्याच्यासमोर खाली बसलो. त्याचा पाय माझ्या गुडघ्यावर घेतला आणि नाडी बांधली. त्यानं पाय काढून घेतला नाही. उठून दोन पावलं चालून बघितली.

म्हणाला, सैल आहे. साडेचार महिन्यांतला दुसरा शब्द.

मी सोडून परत बांधली.